विडीचा आकडा पन्नासवरून दहावर, तरी तलफ तीच: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचं निकोटीन मोजायचं कसं?

दिवसकेंद्र_पूर्वभाग

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका दिवसकेंद्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे येणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या पुरुष रुग्णांपैकी बरेच जण विडी ओढतात आणि नोंदवहीत त्यासाठी एकच रकाना आहे: ‘दिवसाला किती’. या एका आकड्यावर विसंबून काही ठरवावं का, याची शंका येऊ लागली आहे.

ओळख पटणार नाही अशा बेताने एक उदाहरण मांडते. वय चाळिशीच्या आत. स्किझोफ्रेनियासाठीचं क्लोझापिन हे औषध रोज ३०० मिलिग्रॅम, त्यावर तब्येत स्थिर. पूर्वी पंचवीसचे दोन कट्टे रोज लागायचे. दीड महिन्यापूर्वी घरच्यांनी हातखर्च बंद केला. आता भाऊ सकाळी दहा विड्या मोजून देतो. कागदावर केवढी तरी घट दिसते. पण सकाळी चूळ भरायच्या आधी पहिली विडी लागते, उजव्या हाताच्या दोन बोटांवर नवे चटके आहेत आणि टपरीपाशी पडलेली थोटकं तो उचलतो. आई घरीच विड्या वळते, त्यामुळे तंबाखूचं सूप दिवसभर समोर.

प्रयोगशाळेशिवाय त्याच्या पोटात नेमकं किती निकोटीन जातंय याचा अंदाज बांधता येईल का? लघवीतल्या कोटिनिनची (निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी अशा घरात उपयोगी पडते का? विडीऐवजी निकोटीनचा पॅच किंवा गम द्यायचं झालं तर विड्यांच्या हिशेबाने ताकद कशी ठरवायची? आणि या सगळ्याचा क्लोझापिनशी काही संबंध येतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मनोविकार_परिचर्या

ताई, तुमची शंका बरोबर आहे. आकडा खाली आला म्हणून निकोटीन खाली आलं असं होत नाही. शरीराला ज्या पातळीची सवय झालेली असते ती पातळी माणूस उरलेल्या विड्यांतून भरून काढतो. झुरका लांबतो, दोन झुरक्यांमधली उसंत कमी होते, धूर छातीत जास्त वेळ कोंडला जातो आणि विडी बोटाला चटका बसेपर्यंत ओढली जाते. थोटकाकडच्या तंबाखूत आधीच्या धुरातलं निकोटीन आणि डांबर साचत गेलेलं असतं, त्यामुळे शेवटचे झुरके सर्वांत कडक असतात. तुम्ही सांगितलेले चटके हीच गोष्ट दाखवतात.

स्किझोफ्रेनियात ही ओढ अधिक ठळक असते. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, साधारण तेवढ्याच सिगारेटी ओढणाऱ्या इतरांशी तुलना केली तेव्हा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या रक्तात निकोटीन आणि कोटिनिन सुमारे १.३ पट आढळलं. यकृत निकोटीन हळू जाळतं म्हणून हे झालं का, तेही तपासलं होतं. तसा फरक दिसला नाही. म्हणजे प्रत्येक सिगारेटमधून आत ओढलं जातं तेच जास्त. झुरक्यांची मोजणी करणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसलं: झुरके जास्त, मधलं अंतर कमी.

विडीचं गणित आणखी निराळं आहे. विडीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आसपास, सिगारेटमध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणून तीन विड्या म्हणजे एक सिगारेट असं लोक धरतात. ते चुकीचं आहे. विडीच्या तंबाखूत दर ग्रॅममागे निकोटीन जास्त असतं. शिवाय तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, त्यामुळे झुरका थांबला की विडी विझते. ती पेटती ठेवायची तर सारखं ओढावं लागतं. परिणामी एका विडीतून जवळपास सिगारेटएवढं निकोटीन जाऊ शकतं, आणि कार्बन मोनॉक्साइड व डांबर त्याहून जास्त.

प्रयोगशाळेशिवाय अंदाज घ्यायचा तर एक विडी जवळून पाहा. त्याला स्पष्ट सांगून, त्याची परवानगी घेऊनच. पहिल्या विडीला माणूस सावध असतो आणि ओढण्याची पद्धत बदलते, म्हणून नोंद दुसऱ्या-तिसऱ्या विडीला करा. मोबाइलवर वेळ लावा. काडी लावल्यापासून टाकेपर्यंत किती मिनिटं गेली, एकूण झुरके किती, दोन झुरक्यांत किती सेकंद, मध्ये किती वेळा विझून पुन्हा पेटवली, आणि उरलेलं थोटूक किती लांब. थोटूक मागून घेऊन पट्टीवर मोजा, अंदाजाने लिहू नका. महिन्याने हेच पुन्हा करा. विड्या दहाच्या दहा राहिल्या आणि झुरके वाढले असतील तर कपात नावापुरतीच झाली.

याहून सोपा आणि खात्रीचा प्रश्न: उठल्यावर किती मिनिटांत पहिली विडी? पाच मिनिटांच्या आत असेल तर व्यसन तीव्र, मग दिवसाच्या दहा असोत की चाळीस. तुमच्या नोंदवहीत हा रकाना ‘दिवसाला किती’च्या आधी घाला.

फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र केंद्राला मिळत असेल तर जरूर घ्या. श्वास भरून पंधरा सेकंद रोखायचा आणि मग सावकाश, छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत सोडायचा. आजारामुळे सूचना लक्षात ठेवणं जड जातं, तेव्हा आधी स्वतः करून दाखवा आणि सेकंद मोठ्याने मोजा. श्वास अर्धवट सोडला की आकडा खोटा कमी येतो. दहाच्या वर आला तर धूम्रपान चालू आहे असं धरतात. हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, म्हणून तपासणी दर वेळी दुपारी एकाच वेळेला करा आणि शेवटची विडी कधी ओढली तेही लिहा.

कोटिनिनबद्दल. निकोटीन रक्तात दोनेक तासांत निम्मं होतं, तर कोटिनिनला सोळा ते वीस तास लागतात. म्हणून ते गेल्या दोन-तीन दिवसांचा सरासरी हिशेब देतं. पण ते कशातून आलं हे सांगत नाही: विडी, मिश्री, मावा, पॅच, सगळ्यातून तेच येतं. विड्या वळणाऱ्या, स्वतः तंबाखू न वापरणाऱ्या बायकांच्या लघवीतही कोटिनिन वाढलेलं सापडतं, कारण ओलसर तंबाखू कातडीतून आणि तिची धूळ श्वासातून आत जाते. तुमचा रुग्ण आईला विड्या बांधायला हातभार लावत असेल तर हो-नाही सांगणारी साधी पट्टी ‘हो’ म्हणेल आणि तुम्ही उगाच त्याच्यावर खोटेपणाचा आळ घ्याल. करायचीच तर आकडा देणारी तपासणी करा आणि पहिला आकडा त्याचा स्वतःचा पाया धरून पुढचे त्याच्याशीच ताडा.

एक राहिलं. दहा विड्या, थोटकं, एवढंच आहे का, की तोंडातही काही आहे? गालाच्या आत बघा आणि घरच्यांना वेगळं गाठून विचारा. आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा खाणारेच कितीतरी जास्त. २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान ३.८ टक्के प्रौढांत होतं, धूरविरहित तंबाखू २४.४ टक्क्यांत.

औषधनिर्माता_सातरस्ता

क्लोझापिनचा भाग मी लिहितो, कारण गडबड होते ती बहुतेक इथेच.

विडीची दोन खाती वेगळी ठेवा. एक निकोटीनचं, दुसरं धुराचं. तलफ, चिडचिड, झोप हे निकोटीनच्या खात्यावर. औषधाची पातळी धुराच्या खात्यावर. धुरात जळलेल्या पानाची आणि तंबाखूची बहुचक्रीय हायड्रोकार्बन रसायनं असतात. त्यांच्यामुळे यकृतातलं सीवायपी १ए२ हे एन्झाइम जास्त तयार होतं, आणि क्लोझापिन व ओलॅन्झापिन मुख्यतः तेच जाळतं. ओढणाऱ्याला म्हणूनच न ओढणाऱ्यापेक्षा जास्त डोस लागतो. निकोटीनचा या एन्झाइमवर असा परिणाम नाही. पॅच लावा, गम चघळा किंवा तंबाखू मळून खा, एन्झाइमला त्याचा पत्ता लागत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. दिवसाला साधारण सात ते बारा सिगारेटी एन्झाइम पूर्ण चेतवायला पुरतात. त्यामुळे चाळीसवरून पंधरावर आलं तर क्लोझापिनची पातळी फारशी हलत नाही; दहाच्या खाली, विशेषतः शून्याकडे गेलं की हलते. आणि धूर थांबला की एन्झाइमचा वेग सुमारे ३९ तासांत निम्म्यावर येतो. आठवड्याभरात रुग्ण न ओढणाऱ्यासारखा होतो. तोच डोस, तीच गोळी, पण रक्तात औषध दीडपट, कधी त्याहूनही जास्त.

पातळी चढल्याची लक्षणं अशी: दिवसा गुंगी, झोपेत लाळ, बोलताना जीभ जड, हात-पाय मध्येच झटकणे, चालताना तोल जाणे, बद्धकोष्ठ, नाडी जलद. फिट येऊ शकते. यातलं बद्धकोष्ठ दुर्लक्षलं जातं. क्लोझापिनवर ते जीवावर बेतू शकतं, आणि निकोटीन थांबल्यानेही आतडं मंदावतं. ‘पोट साफ होतं का’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘शेवटचं कधी झालं, कोणत्या वारी’ असं विचारा.

रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ॲरिपिप्राझोल या औषधांवर धुराचा म्हणावा असा परिणाम नाही. हॅलोपेरिडॉलवर थोडा आहे. लिथियम आणि व्हॅल्प्रोएट यांचा या एन्झाइमशी संबंधच नाही.

चहाचंही लिहून ठेवा. कॅफिन जाळणारं एन्झाइम हेच. विडी सुटली की तेवढ्याच चहातून रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट राहतं. रात्रभर जाग, हात थरथरणे, येरझाऱ्या: घरच्यांना वाटतं आजार उलटला. शिवाय कॅफिन आणि क्लोझापिन त्याच एन्झाइमसाठी झगडतात, म्हणजे जास्त चहाने क्लोझापिनही चढतं. विडी सोडायच्या आठवड्यातच चहा निम्म्यावर आणा, आणि दुपारी चारनंतर नको.

दिवसकेंद्र_पूर्वभाग

दोघांचेही मनापासून आभार. परिचर्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आज त्याच्या आईला वेगळं बसवून विचारलं. मिळाली ती माहिती अशी: गेल्या अडीच आठवड्यांपासून तो भावाने दिलेल्या दहांपैकी सात-आठ विड्या चौकात देऊन त्या बदल्यात मावा घेतो. ओढतो दोन किंवा तीनच. मावा दिवसाला चार पुड्या.

आणि आई म्हणाली, ‘हल्ली सकाळी अकराशिवाय उठतच नाही, उशी ओली चिंब असते.’ केंद्रात तो भिंतीला टेकून पेंगतो, हे आम्हीही पाहत होतो. उन्हामुळे असेल असं धरलं होतं. पोट साफ झाल्याला चार दिवस झाले. हे क्लोझापिनच आहे का?

औषधनिर्माता_सातरस्ता

फार शक्य आहे, आणि सोमवारपर्यंत थांबू नका. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना आत्ता फोन करा. ते न लागल्यास आजच सिव्हिलला किंवा जिथे मानसोपचार विभाग आहे तिथे घेऊन जा. सांगताना ‘पेंगतो’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ‘क्लोझापिन ३००. अडीच आठवड्यांपूर्वी धूर दहा विड्यांवरून दोन-तीनवर आला, त्या जागी मावा. आता गुंगी, लाळ, चार दिवस शौच नाही.’ ही तीन वाक्यं ऐकली की डॉक्टरांच्या लगेच लक्षात येईल. ताप किंवा खोकला आहे का तेही बघा. अंगात संसर्ग असला तरी क्लोझापिन चढतं, आणि ताप असेल तर पांढऱ्या पेशी त्याच दिवशी मोजायच्या.

वाटेत कुठे झटके आले, शुद्ध हरपली, पोट फुगून दुखू लागलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर १०८ला फोन.

घरच्यांनी आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. एकदम थांबवलं तर आजार वेगाने उसळतो. शिवाय दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं. डोस किती उतरवायचा ते डॉक्टरच ठरवतील. नेहमीची रीत म्हणजे आधी पातळी तपासायची आणि पहिल्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने सुमारे पाव डोस कमी करून पुन्हा पातळी बघायची. लक्षणं आधीच असतील तर ते वेगळा निर्णय घेऊ शकतात.

पातळीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी काढायचं. रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त. सकाळची गोळी घेऊन गेला तर आकडा फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. ही तपासणी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, नमुना पुढे पाठवला जातो, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून ट्यूब कोणती आणि अहवाल कधी ते विचारा. ३५० ते ६०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही सर्वसाधारण उपयुक्त पातळी. अहवालाची वाट पाहत लक्षणांकडे दुर्लक्ष मात्र करायचं नाही.

तंबाखूमुक्ती_दंतविभाग

मावा आहे म्हटल्यावर गमचा विचार बदलावा लागेल, म्हणून लिहिते.

आधी तोंड बघा. त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का पाहा. दोनच जात असतील तर आतली त्वचा आखडायला लागली आहे. सुपारीमुळे होतं ते. अशा माणसाला गम चघळणं दुखतं. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारा व्रण दिसला तर लगेच दंत विभागात पाठवा.

माव्यात तंबाखू आणि चुन्याबरोबर सुपारी असते, हे विसरू नका. सुपारीतल्या अरेकोलिनची सवय वेगळी, ती निकोटीनच्या गमने भागत नाही. सुपारीनेही लाळ सुटते, त्यामुळे दिवसाची लाळ आणि रात्रीची लाळ वेगळी लिहा. उशी भिजते ती माव्याने नव्हे. मनोविकाराच्या औषधांवर असलेल्या माणसात भरपूर सुपारीने हातपाय ताठरल्याची उदाहरणंही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, डॉक्टरांना सुपारीचं सांगाच.

गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. ते लाळेबरोबर गिळलं गेलं तर बरचसं यकृतातच संपतं, वर उचकी आणि जळजळ. क्लोझापिनमुळे ज्याची लाळ सुटते, त्याच्याकडून गमचा पुरेसा उपयोग करून घेणं अवघड. म्हणून या रुग्णासाठी पॅच हा पाया ठेवा, आणि गम फक्त तलफेच्या वेळी, तोंड नीट उघडत असेल तरच.

पॅच २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमचा येतो. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी किंवा उठल्यावर अर्ध्या तासात पहिली, तर २१पासून. विड्यांसाठी किंवा माव्यासाठी ठरलेलं रूपांतर नाही. उठल्यानंतरची वेळ हाच आधार, आणि दोन-तीन दिवसांत तलफ बघून फेरविचार. तुमच्या रुग्णाला २१ लागेल असं दिसतं. सहा आठवडे २१, पुढे दोन आठवडे १४, दोन आठवडे ७, ही छापील रीत. या आजारात खाली उतरायची घाई करू नये, महिना-दोन महिने जास्त लागले तरी चालतात. कमी ताकदीचा पॅच देऊन ‘पॅच लागू पडला नाही’ असा निष्कर्ष काढणं ही सर्रास होणारी चूक आहे.

सोलापूरच्या उन्हात पॅचचं जमत नाही ते घामामुळे. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दहा मिनिटं पंख्याखाली बसवा. दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग घ्या, तेल, पावडर, केस नकोत. पॅच लावून तळव्याने दहा सेकंद दाबून धरा, कडा बोटाने फिरवून बसवा. तरी सुटत असेल तर कडेने कागदी चिकटपट्टी. रोज जागा बदला, नाहीतर खाज आणि लाल चकता उठतो. थेट उन्हात त्या जागेवर कपडा हवा. कातडी तापली की निकोटीन जास्त शोषलं जातं. मळमळ, गरगरणं, छातीत धडधड झाली तर पॅच काढून जागा पाण्याने धुवा. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढला तरी चालतो, मग सकाळच्या पहिल्या तलफेला गम किंवा लोझेंज जवळ ठेवा. काढलेल्या पॅचमध्येही निकोटीन उरतं. चिकट बाजू आत घडी घालून लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

गम द्यायचं तर असं शिकवा: दहा-पंधरा वेळा सावकाश चावा, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबा, गालात दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-सरबत नाही, आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही. मावा खाणाऱ्याला गालात धरायची सवय असतेच, त्यामुळे हा भाग त्याला लवकर जमतो. चुकतं ते चावण्यात: भराभर चावून दोन मिनिटांत संपवतात. २ मिलिग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात सहज मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासात तलफ असणाऱ्याला ४चं लागतं, ते चिठ्ठीवर घ्या.

काळजीवाहक_जुळेसोलापूर

सगळं वाचलं. पण एक मत मांडावंसं वाटतं. या माणसांच्या आयुष्यात दुसरं काय उरलंय? विडीने डोकं शांत होतं असं ते स्वतः सांगतात. ती काढून घेतली आणि भासातले आवाज पुन्हा सुरू झाले तर निस्तरायचं घरच्यांनी. मोजून दहा देणं हाच मधला मार्ग नाही का?

मनोविकार_बाह्यरुग्ण

तुमचं म्हणणं घरोघरी ऐकू येतं आणि त्यामागे माया आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

निकोटीनने लक्ष एकवटायला क्षणभर मदत होते, हे खरं आहे. स्किझोफ्रेनियात मेंदूला नको ते आवाज-खुणा गाळणं जड जातं. १९९३च्या एका अभ्यासात सिगारेटनंतर ही गाळणी थोडा वेळ सुधारलेली दिसली. पण ती सुधारणा काही मिनिटांची होती. नंतरची अस्वस्थता मात्र निकोटीन उतरल्याची असते, आणि पुढची विडी ती भागवते. रुग्णाला जाणवते ती शांतता बहुतेक वेळा हीच. २०१४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला: धूम्रपान सोडलेल्यांत, मानसिक आजार असलेल्यांतही, उदासी, चिंता आणि ताण कमी झालेला दिसला.

शिवाय ओढ औषधावरही अवलंबून असते. हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर धूम्रपान वाढल्याचं आणि क्लोझापिनवर ते कमी झाल्याचं दिसलेलं आहे. जो एकाएकी जास्त ओढू लागला, त्याच्या औषधाकडेही बघावं.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात. त्यातले बरेचसे मृत्यू हृदय आणि फुप्फुसाच्या आजाराने होतात, त्यात तंबाखूचा वाटा मोठा. त्यांना ‘एवढंच सुख आहे’ म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. पण काढून घेणंही नको, आणि इथे मी तुमच्या बाजूचा आहे. मोजून दहा देण्यात घरात भांडण होतं, थोटकं उचलली जातात, आणि वर दिसलं तसा मावा येतो. बदल्यात निकोटीन न देता विडी काढणं, हीच त्यातली खोट. उलट पॅच लावून विड्या हळूहळू कमी करता येतात. पॅच असताना एखादी विडी ओढली तर हृदयविकाराचा झटका येतो ही भीती लोकांच्या मनात आहे, तसं होत नाही.

तंबाखू सोडवायच्या औषधांबद्दल: त्यातली व्हॅरेनिक्लिनची गोळी या आजारात चालत नाही असा जुना समज आहे. २०१६मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ईगल्स चाचणीत ८१४४ लोक होते, त्यातले निम्मे मानसिक आजार असलेले पण स्थिर. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, पॅच आणि नुसती साखरेची गोळी यांची तुलना झाली. मानसिक दुष्परिणाम लक्षणीय वाढले नाहीत, आणि यश व्हॅरेनिक्लिनला सर्वांत जास्त. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावरचा चौकटीतला इशारा काढला. डोस: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, बारा आठवडे. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर. उपाशी घेतलं की मळमळतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी. आजार उसळलेला असताना सुरू करत नाही, आधी स्थिर करतो. ब्युप्रोपिऑन मात्र क्लोझापिनवरच्या रुग्णाला मी टाळतो, दोन्हींनी फिटचा धोका वाढतो.

दिवसकेंद्र_पूर्वभाग

काल संध्याकाळीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त घेतलं, डोस उतरवायला सुरुवात झाली, पोटासाठी औषध दिलं. पॅच पुढच्या भेटीत सुरू करणार आहेत. माझा शेवटचा प्रश्न: समजा महिन्याने तो पुन्हा विडीवर गेला, तर?

मनोविकार_बाह्यरुग्ण

तर उलटं होईल. धूर सुरू झाला की एन्झाइम पुन्हा चढतं आणि कमी केलेला डोस अपुरा पडतो. भरती झालेल्या रुग्णांत हे नेहमी घडतं: वॉर्डात विडी बंद, डोस तिथल्या पातळीवर बसवला जातो, रुग्ण घरी जातो, स्टँडवरच पहिली विडी पेटते, आणि दोन-तीन आठवड्यांत आवाज परत येतात. घरचे म्हणतात गोळ्या नियमित चालू होत्या. त्या खरंच चालू असतात.

म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर क्लोझापिनच्या डोसशेजारी त्या दिवशीच्या विड्यांचा आकडा तारखेसह लिहा, आणि खाली माव्याचा वेगळा. भावाला सांगा की पुन्हा रोज विडी दिसली तर रागावण्याआधी केंद्राला फोन करायचा, त्याच आठवड्यात. दोन-तीन विड्यांनी लगेच डोस वाढवत नाही. रोजच्या पाच-सात झाल्या आणि आठवडाभर टिकल्या तर पुन्हा बारा तासांचं रक्त घेऊन ठरवतो. भरतीची वेळ आलीच तर दाखल करतानाच तंबाखूचं विचारून पॅच मागा. तातडीच्या विभागात आलेल्या, धूम्रपान करणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर २०११मध्ये एक अभ्यास आला होता. २१ मिलिग्रॅमचा पॅच लावलेल्यांचा क्षोभ चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशीही, नकली पॅच लावलेल्यांपेक्षा कमी होता. वॉर्डात दारं आपटणारा माणूस कधी कधी नुसत्या तलफेने आपटत असतो, आणि त्याला इंजेक्शन दिलं जातं.

रात्री-अपरात्री घरच्यांना कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस १४४१६. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६. दोन्ही मोफत आहेत. फोनवर क्लोझापिन चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगायला सांगा.